ज्वाळेतून जन्मणारा वायू : नागरी हवेतील नायट्रोजन डायऑक्साइड

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



हवेच्या प्रदूषणावरील प्रकरणात सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रोजन डायऑक्साइड ही दोन नावे आपण बहुधा जोडीनेच वाचता. दोन्ही वायू ज्वलनातून निर्माण होतात, दोन्ही श्वसनमार्गाला दाहक आहेत, दोहोंमुळे आम्लवर्षा होते आणि दोहोंचे मोजमाप आपल्या देशात गेली चार दशके शेजारी-शेजारी होत आले आहे. तथापि या दोन वायूंची भारतीय शहरांतील वाटचाल सारखी झालेली नाही. बहुतेक शहरांत सल्फर डायऑक्साइडचे वार्षिक प्रमाण राष्ट्रीय मानकाच्या बरेच खाली आले. नायट्रोजन डायऑक्साइडच्या बाबतीत असे समाधान व्यक्त करता येत नाही. दिल्लीसारख्या महानगरात त्याची वार्षिक सरासरी वर्षानुवर्षे मानकाची मर्यादा ओलांडत राहिली आणि इतर मोठ्या शहरांच्या गजबजलेल्या रस्त्यांवर तो आजही ठळकपणे आढळतो.

असे का व्हावे? आजच्या व्याख्यानात मी याच एका प्रश्नाचा मागोवा घेणार आहे. त्याचे उत्तर नीट समजले, तर मानके, वाहन-उत्सर्जनाचे टप्पे, हवा गुणवत्ता निर्देशांक, राष्ट्रीय कार्यक्रम असे अभ्यासक्रमातील सुटे सुटे वाटणारे मुद्दे एका सूत्रात ओवले जातील.

इंधनातले गंधक, हवेतला नायट्रोजन

सल्फर डायऑक्साइड तयार होण्यासाठी लागणारे गंधक इंधनातच असते. कोळशात व खनिज तेलात ते निसर्गतः मिसळलेले असते. त्यामुळे शुद्धीकरण कारखान्यात ते काढून टाकले की वाहनाच्या धुरातून ते बाहेर पडत नाही. आपल्याकडे डिझेलमधील गंधकाचे प्रमाण १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत दहा लाख भागांत सुमारे १०,००० भाग इतके होते. भारत स्टेज-२ मध्ये ते ५००, स्टेज-३ मध्ये ३५०, स्टेज-४ मध्ये ५० आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या स्टेज-६ मध्ये १० भागांवर आले. इंधन स्वच्छ झाले तसा वाहनांच्या धुरातून होणारा या वायूचा प्रश्न जवळजवळ निकालात निघाला.

नायट्रोजनची गोष्ट निराळी आहे. आपण श्वासावाटे घेतो त्या हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन असतो. हे दोन वायू एरवी एकमेकांच्या वाटेला जात नाहीत, कारण नायट्रोजनच्या रेणूतील दोन अणू तिहेरी बंधाने घट्ट जखडलेले असतात. मात्र इंजिनाच्या सिलिंडरमध्ये अथवा औष्णिक वीजकेंद्राच्या बाष्पकात ज्वाळेचे तापमान सुमारे १५०० अंश सेल्सिअसच्या वर गेले की तो बंध तुटू लागतो आणि नायट्रिक ऑक्साइड तयार होते. तापमान आणखी वाढले की ही निर्मिती अतिशय झपाट्याने वाढते. सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ याकोव झेल्दोविच यांनी १९४० च्या दशकात या प्रक्रियेची मीमांसा केली. म्हणून आजही ती त्यांच्या नावाने ओळखली जाते.

कोळशात काही नायट्रोजन मुळातच असतो व तोही जळताना ऑक्साइडरूप घेतो, हे येथे नमूद केले पाहिजे. परंतु वाहनांच्या बाबतीत मुख्य स्रोत हवाच होय. याचा अर्थ असा की पेट्रोल असो, डिझेल असो की नैसर्गिक वायू. इंधन कितीही स्वच्छ केले तरी ते उच्च तापमानाला हवेत जाळल्यास नायट्रोजनची ऑक्साइडे निर्माण होणारच. हायड्रोजनच्या ज्वलनातून कार्बनचा कणही बाहेर पडत नाही. पण तो इंजिनात जाळला तर ही ऑक्साइडे तयार होतात. सल्फर डायऑक्साइडसाठी लागू पडलेला ‘इंधन शुद्ध करा’ हा उपाय येथे अपुरा का पडतो, याचे मूळ या रसायनशास्त्रात आहे.

रस्त्यावरील रसायन

वाहनाच्या धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या नायट्रोजनच्या ऑक्साइडांत मोठा वाटा नायट्रिक ऑक्साइडचा असतो. हा वायू रंगहीन आहे. रस्त्यावरच्या हवेत आल्यावर तेथील ओझोनशी त्याची काही मिनिटांतच अभिक्रिया होते आणि तांबूस-तपकिरी रंगाचा, उग्र वासाचा नायट्रोजन डायऑक्साइड तयार होतो. सूर्यप्रकाशात ही प्रक्रिया उलटही होते. नायट्रोजन डायऑक्साइडचा रेणू फुटून ऑक्सिजनचा एक अणू सुटा होतो आणि तो हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून पुन्हा ओझोन बनवतो. हवेत बाष्पनशील सेंद्रिय संयुगे असली की या चक्राचा तोल ढळतो आणि ओझोन साचू लागतो. लॉस एंजलिस शहरावर दिवसा उतरणाऱ्या धुक्याचे कोडे आरी हागेन-स्मिट यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला याच आधारे उलगडले. प्रकाश-रासायनिक धुके या संज्ञेचा उगम या संशोधनाशी निगडित आहे.

या वायूचे हवेतील आयुष्य अल्प असते. उन्हाच्या दिवसांत तर ते काही तासांचेच असते. त्यानंतर त्याचे नायट्रिक आम्लात रूपांतर होते आणि हवेतील अमोनियाशी संयोग होऊन अमोनियम नायट्रेटचे सूक्ष्म कण बनतात. उत्तर भारताच्या मैदानी प्रदेशात खते व पशुधन यांमुळे हवेत अमोनिया मुबलक असतो आणि हिवाळ्यातील थंड, दमट हवा अशा कणांना पोषक ठरते. म्हणजे ज्या सूक्ष्म कणांच्या नियंत्रणासाठी आपण एवढे प्रयत्न करतो, त्यांतील एक हिस्सा मुळात वायुरूपानेच बाहेर पडलेला असतो.

अल्पायुष्याचा आणखी एक परिणाम आहे. धूलिकण वाऱ्यावर शेकडो किलोमीटर प्रवास करू शकतात. नायट्रोजन डायऑक्साइड मात्र उगमाच्या जवळपासच राहतो. वर्दळीच्या रस्त्याच्या कडेला त्याचे जे प्रमाण असते, ते दोन-तीनशे मीटर आत गेल्यावर बरेच उतरते. दोन्ही बाजूंना उंच इमारती असलेल्या अरुंद रस्त्यात तो कोंडून राहतो. दिवसाच्या घड्याळाशीही त्याचे नाते आहे. सकाळी आणि सायंकाळनंतर वाहतुकीची गर्दी असते व हवेचा मिश्रणथर उथळ असतो, तेव्हा प्रमाण वाढते. दुपारी ऊन व हवेचे अभिसरण यांमुळे ते घटते. ऋतुमानानुसार ते हिवाळ्यात अधिक आणि पावसाळ्यात कमी असते. थोडक्यात, शहराच्या हवेत हा वायू किती आहे, हा प्रश्न कोठे व केव्हा हे विचारल्याशिवाय पूर्ण होत नाही.

आरोग्यावरील परिणाम

नायट्रोजन डायऑक्साइड पाण्यात फारसा सहज विरघळत नाही. त्यामुळे तो नाकात व घशात अडून न राहता फुफ्फुसाच्या खोल भागापर्यंत पोहोचतो आणि तेथील अस्तराचा दाह घडवतो. दमा असलेल्या व्यक्तींना त्याचा त्रास लवकर जाणवतो, तसेच श्वसनमार्गाच्या संसर्गाची शक्यता वाढते. लहान मुलांची फुफ्फुसे वाढीच्या अवस्थेत असल्याने त्यांच्यावरील परिणाम अधिक चिंताजनक मानला जातो. अमेरिकेतील जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, जगात दरवर्षी मुलांमध्ये नव्याने उद्भवणाऱ्या दम्याच्या सुमारे ४० लाख रुग्णांचा संबंध या वायूशी जोडता येतो. त्यांपैकी सुमारे साडेतीन लाख मुले भारतातील आहेत, असा त्या अभ्यासाचा अंदाज होता.

या संदर्भात भारताबाहेरील एका प्रकरणाचा उल्लेख आवश्यक आहे. लंडनमध्ये वर्दळीच्या मार्गालगत राहणाऱ्या नऊ वर्षांच्या एका मुलीचा २०१३ मध्ये तीव्र दम्याने मृत्यू झाला. डिसेंबर २०२० मध्ये तेथील मृत्यू-चौकशी अधिकाऱ्याने तिच्या मृत्यूच्या कारणांत हवेच्या प्रदूषणाचा स्पष्ट अंतर्भाव केला. आजारपणाच्या काळात तिला सहन कराव्या लागलेल्या नायट्रोजन डायऑक्साइडचे प्रमाण मर्यादेपेक्षा अधिक होते आणि त्याचा मुख्य स्रोत वाहतूक होता, असे निष्कर्षात म्हटले आहे. त्या परिसरात अनेक वर्षांच्या मोजमापाच्या नोंदी उपलब्ध होत्या, म्हणूनच असा निष्कर्ष काढता आला. ज्या रस्त्यावर मोजमापच नाही, तेथील आजारी मुलाच्या बाबतीत कारणाची अशी नोंद कोणत्याही कागदावर येऊ शकत नाही.

मानके आणि मोजमाप

भारतात हवा (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम १९८१ मध्ये झाला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने १९८४-८५ मध्ये आग्रा आणि अनपारा येथील सात केंद्रांपासून राष्ट्रीय पातळीवरील देखरेखीचा आरंभ केला. १९९४ च्या मानकांत औद्योगिक, निवासी आणि संवेदनशील अशा तीन प्रकारच्या क्षेत्रांसाठी वेगवेगळ्या मर्यादा होत्या. नायट्रोजन डायऑक्साइडची वार्षिक मर्यादा निवासी भागासाठी ६० आणि औद्योगिक भागासाठी ८० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर अशी होती. १८ नोव्हेंबर २००९ रोजी अधिसूचित झालेल्या मानकांनी औद्योगिक व निवासी हा भेद रद्द केला. कारखान्याशेजारी राहणाऱ्या माणसाच्या फुफ्फुसाला वेगळे मानक लावता येत नाही, हे तत्त्व त्यातून मान्य झाले. आता वार्षिक मर्यादा ४० आणि २४ तासांची मर्यादा ८० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे. पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रांसाठी वार्षिक मर्यादा ३० ठेवण्यात आली आहे.

जागतिक आरोग्य संघटनेची वार्षिक मार्गदर्शक पातळी २००५ मध्ये ४० होती. म्हणजे २००९ मध्ये आपले मानक जागतिक पातळीशी समान होते. २०२१ मध्ये संघटनेने ही पातळी थेट १० वर आणली आणि २४ तासांसाठी २५ ही पातळी नव्याने सुचवली. या दोन्हींतील अंतर आता चौपट झाले आहे. मार्गदर्शक पातळी ही आरोग्यशास्त्रीय शिफारस असते, तर राष्ट्रीय मानक हे कायद्याने अंमलात आणावयाचे असते व त्यात व्यवहार्यतेचाही विचार असतो. परीक्षेत हा भेद स्पष्ट लिहिणे अगत्याचे आहे.

मोजमापाच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. पहिल्या पद्धतीत ठरावीक काळ हवा एका द्रावणातून ओढून घेतात व त्या द्रावणाच्या रंगावरून प्रमाण काढतात. ही सुधारित जेकब-हॉकहायझर पद्धत होय. तीत आठवड्यातून दोनदा, म्हणजे वर्षात किमान १०४ दिवस मोजमाप अपेक्षित असते. दुसऱ्या पद्धतीत स्वयंचलित यंत्र रासायनिक अभिक्रियेत निघणारा प्रकाश मोजून अहोरात्र नोंद करते. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘सफर’ ही हवेच्या गुणवत्तेचे पूर्वानुमान देणारी यंत्रणा २०१० मध्ये राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांच्या निमित्ताने दिल्लीत उभारली. पुढे पुणे, मुंबई व अहमदाबाद या शहरांतही ती सुरू झाली. ऑक्टोबर २०१७ मध्ये प्रक्षेपित झालेला युरोपचा सेंटिनेल-५पी उपग्रह या वायूची अवकाशातून पाहणी करतो. अशा उपग्रहीय नकाशांत दिल्ली, मुंबई यांसारख्या महानगरांबरोबरच सिंगरौली, कोरबा, तालचेर आणि आपल्याकडील चंद्रपूर ही कोळशावर आधारित वीजनिर्मितीची क्षेत्रे ठळक दिसतात.

धोरणांची वाटचाल

या विषयातील भारतीय धोरणाचा इतिहास दिल्लीपासून सुरू होतो. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर २८ जुलै १९९८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशान्वये दिल्लीतील बसगाड्या नैसर्गिक वायूवर आणण्याचे ठरले आणि २००२ च्या अखेरीस हे परिवर्तन पार पडले. त्यामुळे काळा धूर दिसेनासा झाला, ही मोठी उपलब्धी होती. परंतु काजळी कमी होणे आणि नायट्रोजनची ऑक्साइडे कमी होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. नैसर्गिक वायूची ज्वाळाही तप्तच असते. योग्य उत्प्रेरक नसेल अथवा तो निकामी झाला असेल, तर अशा वाहनातून ही ऑक्साइडे मोठ्या प्रमाणात बाहेर पडू शकतात. दिल्ली व गुरुग्राम येथे रस्त्यावरून धावणाऱ्या वाहनांच्या धुराचे दूरसंवेदी यंत्रांनी मोजमाप करून २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सीएनजीवर चालणाऱ्या टॅक्सी व हलक्या मालवाहू गाड्यांतून प्रयोगशाळेतील मर्यादेच्या कित्येक पट ऑक्साइडे बाहेर पडताना आढळली.

डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००२ मध्ये सादर केलेल्या अहवालावर २००३ चे वाहन इंधन धोरण आधारलेले आहे. इंधनाची गुणवत्ता आणि वाहनाचे तंत्रज्ञान यांची सांगड घालून टप्प्याटप्प्याने मानके कडक करण्याचा आराखडा या धोरणाने दिला. २०१६ मध्ये शासनाने भारत स्टेज-५ वगळून थेट स्टेज-६ कडे जाण्याचा निर्णय घेतला. डिझेल मोटारगाडीसाठी नायट्रोजन ऑक्साइडांची मर्यादा स्टेज-४ मध्ये प्रति किलोमीटर ०.२५ ग्रॅम होती. स्टेज-६ मध्ये ती ०.०८ ग्रॅम झाली.

येथे अभियांत्रिकीतील एक पेच समजून घेतला पाहिजे. डिझेल इंजिनात ज्वलन अधिक तापमानाला केले की काजळी कमी होते, परंतु नायट्रोजनची ऑक्साइडे वाढतात. ज्वाळा थंड केली की ऑक्साइडे घटतात आणि काजळी वाढते. एक दाबावे तर दुसरे वर यावे, अशी ही अवस्था आहे. पेट्रोल वाहनांतील त्रिमार्गी उत्प्रेरक डिझेलच्या धुरात चालत नाही, कारण त्या धुरात ऑक्सिजन जास्त असतो. म्हणून धूर बाहेर पडण्यापूर्वी त्यात युरियाचे द्रावण फवारून उत्प्रेरकाच्या साहाय्याने ऑक्साइडांचे पुन्हा नायट्रोजनमध्ये रूपांतर करावे लागते. अशा उत्प्रेरकांना व गाळण्यांना गंधकाचे वावडे असते. त्यामुळे इंधनातील गंधक १० भागांवर आणणे ही या तंत्रज्ञानाची पूर्वअट होती. इंधन शुद्ध केल्याने नायट्रोजनचा प्रश्न थेट सुटत नाही, पण तो सोडवणारी उपकरणे त्यामुळे वापरता येतात, असा हा संबंध आहे.

वीजकेंद्रांसाठी डिसेंबर २०१५ मध्ये प्रथमच या ऑक्साइडांच्या मर्यादा अधिसूचित झाल्या. २००३ अखेरपर्यंतच्या संचांसाठी ६००, २००४ ते २०१६ मधील संचांसाठी ३०० आणि त्यानंतरच्या संचांसाठी १०० मिलिग्रॅम प्रति घनमीटर अशा त्या होत्या. मधल्या गटाची मर्यादा २०२० मध्ये ४५० पर्यंत शिथिल करण्यात आली. डिझेल जनित्रांसाठीची अधिक कडक मानके १ जुलै २०२३ पासून लागू झाली.

टाळेबंदीचा धडा

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी झाली आणि एरवी अशक्य असा एक प्रयोग आपोआप घडला. वाहतूक एकाएकी थांबली. युरोपीय अवकाश संस्थेच्या विश्लेषणानुसार मुंबई व दिल्लीवरील नायट्रोजन डायऑक्साइडचे प्रमाण आदल्या वर्षीच्या त्याच काळाच्या तुलनेत सुमारे ४० ते ५० टक्क्यांनी घटले. एवढ्या थोड्या अवधीत हा बदल दिसला तो या वायूच्या अल्पायुष्यामुळे. उगम थांबला की साठा उरत नाही. नागरी हवेतील या वायूचा मोठा भाग वाहतुकीतून येतो, याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणे कठीण.

या काळाने दुसरीही एक गोष्ट दाखवली. ओझोनचे प्रमाण त्याच गतीने घटले नाही. काही शहरांत ते वाढले. त्याचे एक कारण आपण वर पाहिलेल्या रसायनात आहे. रस्त्यावरचे नायट्रिक ऑक्साइड ओझोनला खाऊन टाकत असते. ते कमी झाले की ओझोन शिल्लक राहतो. म्हणून नायट्रोजनच्या ऑक्साइडांबरोबर बाष्पनशील सेंद्रिय संयुगांवरही नियंत्रण आणावे लागते. अन्यथा एका प्रदूषकाची जागा दुसरा घेण्याचा धोका राहतो.

आकड्यांआड दडलेला वायू

आता मूळ प्रश्नाच्या उत्तरार्धाकडे वळू. रसायन अवघड आहे हे खरे, पण आपल्या मोजण्याच्या व सांगण्याच्या पद्धतीतही हा वायू दृष्टिआड होतो.

पहिले कारण हवा गुणवत्ता निर्देशांकाच्या रचनेत आहे. एप्रिल २०१५ पासून अमलात असलेल्या या निर्देशांकात आठ प्रदूषकांचा समावेश आहे. प्रत्येकाचा उपनिर्देशांक काढला जातो आणि त्यांतील सर्वांत वाईट उपनिर्देशांक हाच त्या दिवसाचा निर्देशांक मानला जातो. एक उदाहरण घेऊ. एखाद्या दिवशी १० मायक्रोमीटरपर्यंतच्या धूलिकणांचे प्रमाण २५० मायक्रोग्रॅम आहे. त्याचा उपनिर्देशांक २०० येतो. त्याच दिवशी नायट्रोजन डायऑक्साइड ८० मायक्रोग्रॅम, म्हणजे २४ तासांच्या मानकाच्या अगदी काठावर आहे. त्याचा उपनिर्देशांक १०० येतो. जाहीर होणारा आकडा २०० आणि प्रमुख प्रदूषक धूलिकण. हा वायू या आकड्यात येण्यासाठी १८० मायक्रोग्रॅमच्या, म्हणजे मानकाच्या सव्वादोन पटीच्या पुढे जावा लागेल. लोकांना एकच सोपा आकडा देण्याच्या दृष्टीने ही रचना योग्य आहे. मात्र तो आकडा पाहून बाकीच्या सात प्रदूषकांविषयी निश्चिंत होणे योग्य नाही.

दुसरे कारण राष्ट्रीय उद्दिष्टांचे आहे. जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाने २०२४ पर्यंत कणरूप प्रदूषणात २० ते ३० टक्के घट हे लक्ष्य ठेवले. नंतर ते २०२५-२६ पर्यंत ४० टक्के असे उंचावण्यात आले. धूलिकणांना अग्रक्रम देण्यास सबळ कारणे आहेत, कारण आरोग्यहानीत त्यांचा वाटा सर्वांत मोठा आहे. परंतु उद्दिष्ट एकाच प्रदूषकाच्या आकड्यात मांडले की प्रशासनाचा पैसा व लक्षही तिकडेच वळते. रस्ते झाडण्याने आणि पाणी फवारण्याने धूळ बसते. वायू बसत नाही.

तिसरे कारण वेळेचे आहे. आपल्या मानकांत ओझोन व कार्बन मोनॉक्साइड यांच्यासाठी एका तासाची मर्यादा आहे. नायट्रोजन डायऑक्साइडसाठी ती नाही. जागतिक आरोग्य संघटनेची एका तासाची पातळी २०० मायक्रोग्रॅम आहे. सकाळच्या गर्दीतील दोन तासांची उच्च पातळी दुपारच्या व मध्यरात्रीच्या कमी पातळीत मिसळून २४ तासांची सरासरी सुसह्य दिसू शकते. शाळेत जाणारी मुले रस्त्यावर असतात ती मात्र नेमकी त्या दोन तासांत.

चौथे कारण वाहन तपासणीचे आहे. पीयूसी प्रमाणपत्रासाठी पेट्रोल वाहनातील कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन आणि डिझेल वाहनातील धुराची घनता तपासली जाते. नायट्रोजनची ऑक्साइडे त्यात मोजली जात नाहीत. उत्प्रेरक निकामी झालेले अथवा युरियाचे द्रावण न भरता चालवलेले वाहन ही तपासणी उत्तीर्ण होऊ शकते. प्रयोगशाळेतील चाचणी आणि रस्त्यावरील वास्तव यांत किती अंतर पडू शकते, हे २०१५ मध्ये उघडकीस आलेल्या फोक्सवॅगन प्रकरणाने जगाला दाखवले. भारतात १ एप्रिल २०२३ पासून नव्या वाहनांच्या बाबतीत प्रत्यक्ष रस्त्यावरील उत्सर्जनाची अट लागू झाली, हे स्वागतार्ह पाऊल आहे. पण रस्त्यावर आधीच धावणाऱ्या कोट्यवधी वाहनांना ती लागू पडत नाही.

पुढील दिशा

या विवेचनातून काही उपाय सुचतात. शहराच्या सरासरी हवेबरोबर चौक, बसस्थानके, शाळा व रुग्णालये यांच्या परिसरातील हवा स्वतंत्रपणे मोजली जावी; त्यासाठी रस्त्यालगतच्या केंद्रांची संख्या वाढवावी. तासागणिक मर्यादा निश्चित करावी. वाहन तपासणीत नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा अंतर्भाव व्हावा आणि दूरसंवेदी यंत्रांच्या साहाय्याने अधिक धूर सोडणारी वाहने शोधावीत. लंडनने एप्रिल २०१९ पासून मध्यवर्ती भागात अति-अल्प उत्सर्जन क्षेत्र लागू करून जुन्या वाहनांवर शुल्क बसवले. अशा योजना आपल्याकडे विचारात घेताना सार्वजनिक वाहतुकीची उपलब्धता ही पूर्वअट मानली पाहिजे. अन्यथा भार अल्प उत्पन्न गटांवर पडेल.

सर्वांत मूलगामी उपाय अर्थातच ज्वाळा टाळण्याचा. विजेवर चालणारी बस अथवा उपनगरी रेल्वे रस्त्याच्या कडेला हा वायू सोडत नाही. मात्र तिची वीज कोळशावर तयार होत असेल, तर वीजकेंद्राच्या परिसरात तो निर्माण होतो. मुंबईची हवा सुधारताना चंद्रपूरच्या हवेचा विसर पडू नये. यासाठी वीजकेंद्रांच्या मानकांची अंमलबजावणी आणि नवीकरणीय ऊर्जेचा विस्तार हे नागरी वाहतूक धोरणाचेच पूरक भाग समजले पाहिजेत.

मित्रहो, या प्रश्नाला समतेचीही एक बाजू आहे. काचा बंद करून वातानुकूलित गाडीतून जाणारा नागरिक आणि त्याच चौकात आठ तास उभा राहणारा वाहतूक पोलीस, फेरीवाला, रिक्षाचालक अथवा रस्त्यालगतच्या वस्तीतील मूल यांच्या वाट्याला येणारा वायू सारखा नसतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्कात प्रदूषणमुक्त हवेचा हक्क अंतर्भूत असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले आहे. अनुच्छेद ४८-क राज्यसंस्थेवर आणि ५१-क (छ) नागरिकांवर पर्यावरणाच्या रक्षणाची जबाबदारी टाकतो. शहराची सरासरी मानकाच्या आत आली, एवढ्याने त्या चौकातील माणसाचा हक्क पूर्ण होत नाही.

आपल्यापैकी काही जण उद्या नगरपालिकांत, परिवहन कार्यालयांत, जिल्हा प्रशासनात अथवा प्रदूषण नियंत्रण मंडळांत काम करतील. हवेच्या गुणवत्तेचा अहवाल आपल्या टेबलावर येईल, तेव्हा त्यातील आकडा कोणत्या ठिकाणचा, कोणत्या वेळेचा आणि किती तासांच्या सरासरीचा आहे, हे आवर्जून विचारा. परीक्षेतील उत्तर लिहितानाही हीच सवय उपयोगी पडेल.